डोंगराचं ऐकायचं, जमीन सोडायची नाही
(पावसाळ्याआधीच्या मेळाव्यातलं भाषण)



19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. खालापूर तालुक्यातली आपल्या ठाकर भावांची वाडी. वर गाडीरस्ता नाही, मदतीला आलेली माणसं पायी चढली. दरडीच्या धोक्याच्या सरकारी यादीत ही वाडी नव्हतीच. त्याआधी 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली.

दर वेळी सांगतात, निसर्गाचा कोप. आम्ही विचारतो, डोंगर सुटायच्या आधी काही बोलतो की नाही?

पुष्कळदा बोलतो. आत खडकाला तडा जातो, दगडावर दगड घासतो, तेव्हा जमीन बारीक हादरते. आपल्या पायाला कळत नाही. जिओफोन नावाचं छोटं यंत्र जमिनीत पुरलं की त्याला कळतं. हादरे वाढायला लागले की समजायचं, कडा हलतोय. गुरं गेली, खाणीत सुरुंग उडाला, तेही यंत्र टिपतं. म्हणून यंत्रं अनेक ठिकाणी लावून खरा हादरा कुठला ते निवडावं लागतं. पावसाने भिजलेली माती कधी गुपचूपही सुटते. त्यासाठी पाऊस आणि मुरलेल्या पाण्याचा दाबही मोजायचा. केरळात मुन्नारच्या डोंगरावर अमृता विद्यापीठाने हे सगळं एकत्र बसवलं. 2009 च्या पावसाळ्यात तिथून इशाराही दिला गेला.

मग आमच्या पाड्यांवर का नाही?

पण यंत्र तालुक्याशी बोललं आणि पाड्यावर रेंजच नसली, तर उपयोग काय? भोंगा पाड्यात पाहिजे. तो वाजला की कुठल्या वाटेने, कुठे जायचं, म्हाताऱ्यांना कोण उचलणार, हे ग्रामसभेने आधी ठरवलं पाहिजे.

दुसरी गोष्ट नीट ऐका. रात्रीपुरतं घर सोडणं म्हणजे जमीन सोडणं नव्हे. धोक्याचं नाव सांगून कुणी कोऱ्या कागदावर अंगठा मागितला तर द्यायचा नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात लिहिलंय, दाव्याची तपासणी पुरी होईस्तोवर कसत्या जमिनीवरून आपल्याला काढता येत नाही. घरं हलवायचीच असली तर जागा आम्हाला दाखवा, ग्रामसभेत बोला. शेत आणि जंगल आमचंच राहील.

यंत्र येईस्तोवर आपणच राखण करू. वरच्या माळाला भेग पडली, झाडं कलली, झरा एकदम गढूळ झाला किंवा आटला, तर वाट बघायची नाही. थाळी वाजवा, पाडा उठवा, खाली चला.

जीव वाचवू, जमीन राखू! जिंदाबाद!