थेंब पाडणं आणि थेंब सांभाळणं

(परळ येथील वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित पाठ)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘सूक्ष्मप्रवाही चिपमधले थेंब’. त्यामुळे पहिल्या चार रांगा रिकाम्या आहेत. (हशा) असू दे, मागच्यांना पंख्याची हवा तरी लागेल. अध्यक्षांच्या हाताशी घंटा आहे, म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. थेंब पाडणं सोपं असतं. खरी कसोटी तो टिकवण्यात असते, पण कौतुक नेहमी पाडणाऱ्याचं होतं.

पृष्ठताण तुम्ही नववीत शिकलात, पाण्यावर टाचणी तरंगवलीत. ते सोडतो.

ही चिप म्हणजे काचपट्टीवर चिकटवलेला सिलिकोनचा पारदर्शक तुकडा. आत केसाच्या जाडीच्या नाल्या. एकीतून पाणी येतं. पाणी म्हणजे तपासायचा नमुना, समजा रुग्णाच्या रक्तातला डीएनए. आडव्या नालीतून तेल. तिठ्यावर पाण्याचं टोक बाहेर डोकावतं, तेल त्याला रेटतं, मान बारीक होते, तुटते. झाला थेंब. सेकंदाला असे हजारो पाडता येतात. कॅलिफोर्नियात थॉर्सन, क्वेक आणि सहकाऱ्यांनी २००१ साली तिठ्यावर असे थेंब पाडून दाखवले. २००३ साली ॲना, बोंटू आणि स्टोन यांनी दोन्ही बाजूंनी तेल आणून पाण्याला चिमटा काढला. तेलाचा वेग वाढवा, थेंब लहान होतो. एक नॅनोलिटरच्या थेंबाचा व्यास मिलिमीटरचा जेमतेम आठवा भाग. एवढ्याशा जागेत भोवरे उठत नाहीत, म्हणून सगळे थेंब जवळजवळ एका मापाचे पडतात. वजनाला तिथे कोणी विचारत नाही, राज्य पृष्ठताणाचं.

आणि घोटाळा तिथेच आहे. ज्या ताणाने मान तुटली, तोच ताण पुढच्या वळणावर शेजारच्या दोन थेंबांना एक करायला बघतो, कारण एका मोठ्या थेंबाचा पृष्ठभाग दोन लहानांपेक्षा कमी भरतो. मायक्रोस्कोपखाली हे बघण्यासारखं आहे. दोन थेंब एकमेकांना टेकतात, मधली तेलाची पापुद्र्याएवढी भिंत पातळ होत जाते, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तिथे एकच थेंब असतो. दोन रुग्णांचे नमुने असते तर?

आता जरा परळकडे वळतो. (एक आवाज : आलात का!) येणारच.

सप्टेंबर १८९६. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. मूळचे ओडेसाचे, पाश्चर यांच्या संस्थेत तयार झालेले, कॉलऱ्याची लस आधी स्वतःला टोचून घेतलेले. ग्रँट मेडिकल कॉलेजात तुटपुंजी जागा आणि हाताखाली मोजकी माणसं. प्लेगचे जंतू वाढवायचे ते मटणाच्या रश्शात. तेही बकऱ्याचंच मटण, कारण लस टोचायची होती आपल्या लोकांना. पण जंतू म्हणावे तसे वाढेनात. तेव्हा या माणसाने रश्शावर तुपाचे थेंब सोडले. साजूक तूप, मित्रहो! (हशा) खोबरेल तेलही चाले. जंतूंनी तुपाच्या थेंबाला खालून धरलं आणि ते तिथून खाली लोंबत वाढले, लालबागच्या मंडपाच्या छताला झालर लावावी तसे. मात्र फ्लास्क जराही हलता कामा नये. हलला की झालर तुटून तळाशी. मग हाफकिननी तीच अडचण कामाला लावली. झालर पुरेशी वाढली की फ्लास्क मुद्दाम हलवायचा, पीक तळाशी पाडायचं, तुपाखाली नवं पीक धरू द्यायचं. असं पाच-सहा आठवडे. मग ६५ अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे, वर थोडं कार्बोलिक आम्ल. १० जानेवारी १८९७ ला ही लस त्यांनी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना, आणि १८९९ मध्ये प्रयोगशाळा आली आपल्या परळच्या गव्हर्नरांच्या जुन्या बंगल्यात. इथून चालत जाल. त्या बंगल्यात पूर्वी मेजवान्या झडत. पुढे १८८२ साली गव्हर्नरसाहेबांची पत्नी तिथेच कॉलऱ्याने गेली, आणि राहणं मलबार हिलला… अध्यक्ष घड्याळ बघताहेत. १९०२ चं मुलकोवाल, एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली ते, आणि त्यावरून हाफकिनवर झालेला अन्याय, ही वेगळी संध्याकाळ आहे.

मागून प्रश्न आलाय की हे उलटं नाही का, चिपमध्ये पाण्याचा थेंब तेलात आणि इथे तुपाचा थेंब पाण्यावर? उलटंच आहे. हाफकिननी चिपचा शोध लावला, असं मी म्हटलेलं नाही, उगाच माझ्या नावावर घालू नका! (हशा) मी म्हणतोय की घडायचं ते तेल आणि पाणी जिथे भेटतात त्या सीमेवर घडतं, आणि ती सीमा शांत कशी ठेवायची हे ज्याला कळलं, त्याचंच काम झालं.

चिपमध्ये ही शांतता साबणाच्या जातीचे रेणू राखतात. त्यांचं एक टोक पाण्यात, एक तेलात. थेंबाभोवती ते दाटीने उभे राहतात आणि शेजारच्याला चिकटू देत नाहीत. पण जागेवर पोचायला त्यांना वेळ लागतो, म्हणून थेंब पाडल्या पाडल्या गर्दीत लोटायचे नाहीत. नालीची भिंतही अशी हवी की तिला पाणी धरणार नाही, नाहीतर थेंब भिंतीलाच पसरतो. साध्या तेलाऐवजी फ्लोरिनयुक्त तेल घेतात. त्यात नमुन्यातले रेणू सहसा विरघळत नाहीत, आणि ऑक्सिजन चांगला विरघळतो, म्हणून थेंबात जिवंत पेशीही ठेवता येतात.

एवढी यातायात कशाला? डिजिटल पीसीआर घ्या, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून तो मोजणं. २० मायक्रोलिटर नमुन्याचे सुमारे २०,००० थेंब करतात आणि चाळीसेक वेळा ९५ अंशांपर्यंत तापवून निववतात. ज्या थेंबात हवा तो डीएनए आहे तो उजळतो, बाकीचे अंधारे. मग नुसतं मोजायचं. एका थेंबात दोन रेणू शिरले असतील त्याची सोय पुआसाँच्या गणिताने लावतात. ३७ टक्के थेंब अंधारे राहिले, तर सरासरी थेंबामागे एक रेणू. पण वाटेत थेंब एकमेकांत मिसळले तर हे सगळं गणित…

(घंटा)

दोनच मिनिटं. गळतीचं राहिलं. थेंब फुटला नाही तरी आतला माल जातो. जे रेणू थेंबाला सांभाळतात, तेच तेलात जास्त झाले की पुंजके करून रंगासारखे छोटे रेणू एका थेंबातून दुसऱ्यात नेतात. डीएनएसारखे थोराड सहसा आत राहतात. म्हणजे पहारेकरी कमी झाले तर थेंब मिसळतात, जास्त झाले तर चोरी होते, आणि प्रत्येक नमुन्यासाठी नेमके किती हे… अहो, वाजवू नका, उतरलो!

(हशा, टाळ्या)