काळ्या गाडीची झळाळी

भीमा आणि अमरजा यांच्या संगमामुळे आणि श्रीनृसिंह सरस्वतींच्या वास्तव्यामुळे पावन झालेल्या गाणगापुरी गुरुवारी व पौर्णिमेस यात्रेकरूंच्या वाहनांची रीघ लागते. आसमंतातील काळ्या रानांची बारीक धूळ त्या वाहनांवर बसते. अन्य रंगाच्या गाडीवर ती खपून जाते. काळ्या गाडीवर मात्र ती डोळ्यांत भरते. मग मालक हाती येईल ते फडके घेऊन गाडी कोरडीच पुसू लागतो. झीज सुरू होते ती नेमकी येथे. धुळीतील खडकाचे सूक्ष्म कण रंगापेक्षा कठीण असतात. फडक्याखाली ते कानशीचे काम करतात.

काळ्या रंगावरच ओरखडे इतके का दिसावेत? पांढऱ्या रंगातून प्रकाश चहूकडे विखुरला जातो आणि त्या उजेडात ओरखडा लपतो. काळ्या रंगातील काजळी मात्र आत शिरलेला प्रकाश जवळजवळ सारा गिळून टाकते. परत येते ती केवळ पृष्ठभागाची झळाळी. त्या आरशावर ओरखडा उठला, की तो पांढऱ्या रेघेसारखा चमकतो. उन्हात सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचे जाळे विणल्याचा भास होतो तो त्यामुळेच.

आजच्या बहुतेक गाड्यांना रंगाच्या थरावर पारदर्शक रोगणाचा दुसरा थर असतो. जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट व पुढे पद्मिनी बाहेर पडली. तिची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. त्या जमान्यातील गाड्यांचा रंग बहुधा एकपदरी असे. वर्ण आणि चकाकी दोन्ही एकाच थरात. ऊन-वाऱ्याने त्याचा वरचा भाग विटतो, खडूसारखा भुरकट होतो. खालचा रंग मात्र पुष्कळदा शाबूत असतो.

यंत्राने पॉलिश करणे म्हणजे तो मेलेला पापुद्रा काढणे. अशा वेळी फोमची गादी काळी होते आणि नवखा मालक घाबरतो. वस्तुतः ती एकपदरी रंगाची खूण आहे. पारदर्शक थर असता तर गादीवर काळा वर्ण उतरला नसता. तरीही सावधपणा हवाच, कारण रंगाची एकूण जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते आणि प्रत्येक घासणीत त्यातला काही अंश कायमचा जातो.

म्हणून प्रथम गाडी भरपूर पाण्याने धुवावी, सावलीत थंड होऊ द्यावी. कडांवर चिकटपट्टी लावावी; कडेला रंग पातळ असतो आणि यंत्र तेथेच आधी पत्रा उघडा पाडते. सर्वांत सौम्य मलम व मऊ गादी घेऊन एका लहानशा कोपऱ्यात परीक्षा घ्यावी. तेवढ्याने भागले तर अधिक तीव्र मलमास हात लावू नये. केवळ गरगर फिरणाऱ्या यंत्रापेक्षा फिरता फिरता डोलणारे यंत्र नवशिक्यास बरे. ते उष्णता कमी निर्माण करते आणि आपल्या फेऱ्यांच्या खुणाही सहसा मागे ठेवत नाही. यंत्र एका जागी थांबवू नये, गादी रंगाने भरली की बदलावी. जुन्या रंगात वा अस्तरात शिसे असू शकते. तेव्हा कोरडे घासून भुकटी उडवू नये. शेवटी मेणाचा पातळ हात द्यावा. मेण रंग वाढवीत नाही; ते त्यावर काही काळ पांघरूण घालते.

सगळे ओरखडे नाहीसे करण्याचा हट्ट मात्र धरू नये. खोल रेघ काढण्यासाठी तिच्या तळापर्यंत सारा रंग झिजवावा लागतो. कारखान्यात चढलेला मूळ रंग एकदा गेला, की नवा रंग कितीही देखणा असला तरी तो मूळचा नव्हे. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीच्या अंगावर दोन-चार रेघा राहिल्या, तर त्या राहू द्याव्यात. उरलेला रंग पुढच्या पिढीच्या हाती जाईल.