जुने नकाशे आणि पायाखालची जमीन
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आमच्या टेबलाच्या खणात शिशाची एक गोळी पडून आहे. बोराएवढी, पांढुरकी पडलेली आणि एका बाजूने चपटलेली. १९९४ साली, दिल्लीतील नोकरी अगदी नवी असताना, एका रविवारी यमुनेच्या पूर्वतीरावर आम्ही भटकत होतो. तेथे एका शेतकऱ्याने ती आमच्या हातावर ठेवली. नांगराला अशा अधूनमधून लागतात, एवढेच तो म्हणाला. आम्ही ती घरी आणली आणि पुढे कित्येक वर्षे येणाऱ्याजाणाऱ्याला ‘१८०३ च्या लढाईतील गोळी’ म्हणून अभिमानाने दाखवली. ती कोणत्या शेतात मिळाली, हे मात्र लिहून ठेवले नाही. त्यामुळे ती लढाईतली की एखाद्या शिकाऱ्याच्या बंदुकीतली, हे आज कोणीही सांगू शकणार नाही. हा दोष सर्वस्वी आमचा.

ही कबुली आज देण्याचे कारण असे की, मंडळातील एका तरुण मित्राने नुकतेच धातुशोधक यंत्र मागविले आहे. पटपडगंजच्या बाजूला जाऊन शिंद्यांच्या तोफांचे गोळे शोधावेत, असा त्याचा मानस आहे. त्याच्या उत्साहाचे आम्हांला कौतुकच वाटते. परंतु यंत्राआधी त्याने जुना नकाशा हाती घ्यावा, असे आमचे त्याला सांगणे आहे.

ज्या लढाईविषयी आपण बोलत आहोत ती ११ सप्टेंबर १८०३ रोजी झाली. एका बाजूला जनरल लेक, दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंद्यांची कवायती फौज आणि तिचा फ्रेंच सेनानी लुई बूर्किन. लेक अलीगढ घेऊन दिल्लीकडे आला होता. बूर्किन यमुना ओलांडून त्याला सामोरा गेला. फौजेच्या पाठीशी नदी होती, आणि मोड झाल्यावर तीच वैरीण ठरली. पळणारे कितीतरी शिपाई पाण्यात बुडाले. पाच दिवसांनी लेक लाल किल्ल्यात शहा आलम बादशहापुढे उभा राहिला. ते शिपाई बहुतांशी उत्तर हिंदुस्थानातीलच होते, हेही येथे सांगितले पाहिजे. निशाण शिंद्यांचे, पण रक्त याच मुलखातील. आपण आपल्या मुलांना हा इतिहास ‘आपला’ म्हणून सांगतो तेव्हा शेजारच्या मुलांनाही तो तितकाच त्यांचा म्हणून सांगता येतो, हे विसरू नये.

इंग्रजांनी १९१६ साली तेथे विजयस्तंभ उभारला. तो आज नोएडाच्या गोल्फच्या मैदानात आहे. हे शहरच मुळी १९७६ साली वसले. स्तंभापाशी उभे राहिले तर नदी दिसत नाही, चढउतार दिसत नाही. दिसते ती निगुतीने कापलेली हिरवळ आणि भोवतालच्या उंच इमारती. अशा ठिकाणी डोळ्यांचा उपयोग नाही. तेथे नकाशाच बोलतो.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे एक इंचास एक मैल या प्रमाणाचे जुने पत्रक घ्यावे. या परिसराचा क्रमांक ५३ एच/६. त्याच क्रमांकाचे पुढे निघालेले पत्रक १:५०,००० प्रमाणाचे, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. दोन्ही शेजारी मांडली की गंमत सुरू होते. प्रथम समासात पाहणीचे वर्ष पाहावे. छपाईचे वर्ष निराळे असते आणि नवखा माणूस तेथेच फसतो. मग न हलणाऱ्या वस्तू धराव्यात: मकबरे, मंदिरे, त्रिकोणमितीय स्थानके, कालव्यांची तोंडे. ओखल्याचा बंधारा १८७४ चा. त्यानंतरच्या पत्रकांवर तो चांगली खूण होतो. नदीवर मात्र विश्वास ठेवू नये. तिचा पूरप्रदेश तो खादर, आणि वरची जुनी उंच जमीन ती बांगर. ही कड ज्याला नकाशावर ओळखता आली, त्याला फौज कोठे उभी राहू शकली असती आणि कोठे चिखलात रुतली असती, हे उमगू लागते. नोएडातील छलेरा बांगर या नावात ती कड आजही जिवंत आहे.

नावे तर निरखून वाचावीत. आपल्याकडे खेडे म्हणजे नांदते गाव. इकडे ‘खेडा’ म्हणजे पुष्कळदा उजाड झालेल्या वस्तीचे टेकाड. ‘सराय’ म्हटले की जुना रस्ता जवळपास असावा. पडावाच्या जागांनाही या नकाशांत स्वतंत्र खूण असते, ओसाड गावांना निराळी, बांधीव विहिरीला निराळी आणि कच्च्या विहिरीला आणखी निराळी. एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या पत्रकावरील अक्षांश-रेखांश एव्हरेस्टच्या गोलाभावर मोजलेले आहेत. ते जसेच्या तसे मोबाईलमध्ये घातले तर माणूस भलत्याच शेतात जाऊन उभा राहतो. आमचे तसे झाले आहे, आणि शेतमालकाची बोलणीही खाल्ली आहेत.

आता यंत्राविषयी. १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो की, जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावे. संरक्षित स्मारकाच्या आवारात परवान्यावाचून उत्खनन करता येत नाही, हे १९५८ चा कायदा सांगतो. आमची गोळी दहा रुपयांची भरेल की नाही, हा विनोदाचा विषय होईल. पण कायदा बाजूला ठेवला तरी मूळ हानी वेगळीच आहे. गोळा जमिनीत असतो तोवर तो साक्षीदार असतो. कोणत्या दिशेने आला, शेजारी काय पडले होते, कोणत्या थरात होता, हे सारे त्याच्यासोबत असते. उपटून काढला की तो आमच्या खणातल्या गोळीचा भाऊ.

गेल्या वर्षी आम्ही ती जागा नकाशावरून शोधून पाहिली. बांधीव विहीर, तिच्या उत्तरेस निंब आणि दूरवर एक घुमट, एवढेच आठवत होते. जुन्या पत्रकावर त्या टापूत अशा सात विहिरी निघाल्या. चार रविवार आम्ही आणि आमचे कुटुंब त्यांच्या मागे हिंडलो. पाचांवर घरे उभी राहिली आहेत, एक बुजविलेली, आणि सातवीच्या काठी निंब नाही, घुमटही दिसत नाही. खरे म्हणजे ती आठवणच खरी की काय, अशी आता शंका येते.

तरुण मित्राने यंत्र तूर्त घरीच ठेवण्याचे कबूल केले आहे. मैदानातील स्तंभ पाहण्याच्या परवानगीसाठी आपण अर्ज दिला आहे. उत्तर आले की फलकावर तारीख लागेल. येणाऱ्यांनी वही, पेन्सिल आणि पिण्याचे पाणी सोबत आणावे. पत्रकाच्या प्रती आम्ही आणू.