वर्कशॉपमधला आवाज



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील संधी' हा विषय दिला होता. तो मी बदलून घेतला. संधी शोधायचं आपलं वय राहिलेलं नाही, आणि आपल्या मुलांना त्यातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं. मी बोलणार आहे वर्कशॉपबद्दल. आपल्या वर्गातल्या निम्म्या जणांचे वडील लष्कराच्या त्या वर्कशॉपमध्ये नागरी कामगार होते. सकाळचा भोंगा झाला की गेटकडे जाणारी सायकलींची रांग तुम्हाला आठवत असेलच.

माझे बाबा इंजिन टेस्टिंगला होते. दुरुस्त झालेलं इंजिन बेंचवर चढवायचं, पूर्ण वेगानं चालवायचं आणि शेजारी उभं राहून तेलाचा दाब, तापमान वहीत लिहायचं. एक आधीच सांगते, तिथे शिस्त नव्हती असं नाही. क्रेनखाली उभं राहायचं नाही, पायात बूट हवेत, वेल्डिंगला काळा चष्मा हवा. वाळूच्या लाल बादल्या तर आम्ही गेटबाहेरूनही मोजायचो. कोणाचं बोट कापलं तर नोंद व्हायची, चौकशी व्हायची. पण आवाजानं रक्त येत नाही. कानात घालायचे प्लग होते म्हणे, कपाटात. बाबा कापसाचे बोळे घालायचे. कापूस जवळजवळ काहीच अडवत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या टीव्हीच्या आवाजाच्या बटणावर आईनं नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. बटण याच्या पुढे न्यायचं नाही. आठवडाभर बाबा ते पुढे नेत आणि आईची बोलणी खात. रविवारी संध्याकाळी मात्र ठिपक्याच्या अलीकडेही त्यांचं भागायचं. आम्हाला वाटायचं, सुट्टीचा दिवस, बाबा खुशीत आहेत.

खुशीचा काही संबंध नव्हता. मोठ्या आवाजानं आतल्या कानातल्या केसपेशी थकतात, आणि शांतता मिळाली की बऱ्याचशा सावरतात. रविवारी बाबांचे कान सावरत होते. पण रोज तोच मार बसला की त्यातल्या काही कायमच्या जातात आणि पुन्हा उगवत नाहीत. मी नववीत असताना आईनं तो ठिपका खरवडून पुढे सरकवला. तेव्हा सगळे हसलो होतो.

हे नुकसान बहुतेक वेळा 4000 हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. म्हणजे आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. 'स', 'श', 'फ' यांसारखी बारीक व्यंजनं आधी गळतात, स्वर राहतात. समोरच्याला वाटतं, माणूस ऐकतोय.

इथे गणिताच्या बाई बसल्या आहेत. बाई, दहावीच्या पालकसभेनंतर तुम्ही मला म्हणाला होतात, "तुझे बाबा नुसती मान हलवतात, काही विचारतच नाहीत." तुम्ही प्रेमानंच म्हणालात. मला मात्र बाबांचा राग आला होता. त्या दिवशी तुमच्या बोलण्यातलं निम्मंही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं, आणि चारचौघांत "पुन्हा सांगा" म्हणायची त्यांना लाज वाटली होती. हे त्यांनी मला सांगितलं निवृत्तीनंतर.

आता माझ्या धंद्याचं. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे कामगारांच्या आरोग्य तपासण्यांचं सॉफ्टवेअर आलं. त्यासाठी वाचताना काही आकडे समोर आले. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी 90 डेसिबल ही मर्यादा धरली गेली, आणि 100 डेसिबलला दोन तास. अमेरिकी लष्कराच्या तळांवर आठ तासांना 85 डेसिबल धरतात आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करतात. त्या हिशेबानं 100 डेसिबलला मिळतात फक्त पंधरा मिनिटं. कान तोच, इंजिनही तसंच. तिथे हा नियम सैनिकांना आहे आणि नागरी कामगारांनाही. तरी तिथल्या माजी सैनिकांच्या तक्रारींत कानात सतत वाजत राहणं सगळ्यात वर आहे, तेव्हा नुसत्या नियमानं भागतं असंही नाही. आधी आवाजच कमी करायचा, इंजिन बंद खोलीत घ्यायचं, माणसांच्या पाळ्या बदलायच्या. प्लग हा शेवटचा उपाय.

त्या सॉफ्टवेअरमध्ये मी एक चूक केली, ती सांगितल्याशिवाय हे भाषण पुरं होणार नाही. श्रवणशक्ती किती घसरली की इशारा द्यायचा, याचा नियम मी लिहिला: 2000, 3000 आणि 4000 हर्ट्झची सरासरी 10 डेसिबलनं बिघडली तर. आणि तुलना केली मागच्या वर्षीच्या तपासणीशी. चाचण्या सगळ्या पास झाल्या. ग्राहकाकडचे एक वयस्कर डॉक्टर स्क्रीन बघून म्हणाले, "अहो, माणूस वर्षाला तीन-तीन डेसिबलनं बहिरा होतो. तुमचा संगणक त्याला दरवर्षी ठणठणीत म्हणेल." तुलना करायची ती नोकरीला लागतानाच्या पहिल्या तपासणीशी. मी दुरुस्ती करून जुना डेटा पुन्हा चालवला. आधी कोरी असलेली यादी दोन पानांची निघाली. नावं मी वाचली नाहीत, वयं वाचली. बहुतेक आपल्या वयाची.

बाबांची पहिली तपासणी झालीच नव्हती. त्यामुळे किती गेलं, कशानं गेलं, हे कागदावर कुठेच नाही. आहे तो नेलपॉलिशचा ठिपका, आणि तो टीव्हीही भंगारात गेला. ज्यांची मुलं, भाचे आज अशा ठिकाणी कामाला लागत आहेत, त्यांना पहिल्याच आठवड्यात कान तपासून घ्यायला सांगा आणि कागदाची प्रत घरी ठेवायला सांगा.

आपल्याच तुकडीतला कानाचा डॉक्टर मित्र ऑडिओमीटर घेऊन आलाय. जेवणानंतर प्रयोगशाळेत तो सगळ्यांना तपासणार आहे, सरांना आणि बाईंना आधी. फक्त सकाळी स्वागताच्या ढोलपथकात जे होते, त्यांनी आज येऊ नका. तपासणीआधी किमान चौदा तास कानांना शांतता लागते. तुम्ही उद्या सकाळी नाश्त्याआधी या, आणि रात्री गाण्यांच्या भेंड्यांना स्पीकरजवळ बसू नका.