रंगमंचावरील वसतिगृह आणि अंदाजपत्रकातील कात्री

(विद्यार्थी कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



शिबिराच्या विषयपत्रिकेवर फीवाढ आणि शिक्षणाचे खाजगीकरण हे ज्वलंत प्रश्न असताना एका अमेरिकन संगीत नाटकावर बोलण्याचे प्रयोजन काय, असे एका कार्यकर्त्याने मला सकाळी विचारले. प्रश्न रास्त आहे. हा विषय फीवाढीच्या प्रश्नाबाहेरचा नाही, हेच मला आज मांडावयाचे आहे.

'फन होम' हे नाटक २०१३ साली न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये आणि २०१५ साली ब्रॉडवेवर आले. ॲलिसन बेक्डेल या चित्रकर्तीच्या २००६ सालच्या चित्ररूप आत्मकथेवर ते आधारलेले आहे. संगीत जनीन टेसोरी यांचे, संहिता व गीते लिसा क्रॉन यांची. पेनसिल्व्हेनियातील एका लहानशा गावात ॲलिसनचे वडील इंग्रजीचे शिक्षक असतात आणि जोडीला अंत्यविधीची व्यवस्था लावण्याचा घरचा व्यवसायही सांभाळतात. त्या 'फ्युनरल होम'ला मुले थट्टेने 'फन होम' म्हणतात. रंगमंचावर एकच ॲलिसन तीन वयांत वावरते : बालिका, महाविद्यालयीन तरुणी आणि भूतकाळ चितारू पाहणारी त्रेचाळीस वर्षांची चित्रकर्ती.

ही तरुणी ओहायोतील ओबर्लिन महाविद्यालयात येते, समलिंगी विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या दारापर्यंत जाते आणि बिचकते. पुढे जोन नावाची मैत्रीण भेटते आणि स्वतःची खरी ओळख पटल्याचा आनंद गाण्यातून ओसंडतो. ती घरी पत्र लिहिते. तेव्हा तिला कळते की वडीलही समलिंगी आहेत. आयुष्यभर त्यांनी ते दडवले. काही महिन्यांतच एका ट्रकखाली त्यांचा अंत होतो आणि ती आत्महत्याच होती असे मुलीचे मन सांगते. वडिलांच्या लपवणुकीने पत्नीचे आयुष्य करपले आणि काही कोवळ्या मुलांचेही नुकसान झाले, हे नाटक झाकून ठेवत नाही. दांभिक नीतीची किंमत केवळ दडपला गेलेला माणूसच मोजतो असे नाही, हे त्यातून उमगते.

बाप आणि लेक एकाच घरातले, एकाच ओढीचे. मग एक मोडतो आणि दुसरी उभी राहते, हे कशामुळे? हा दैवाचा खेळ नव्हे. लेकीला घरापासून दूर वसतिगृहातली खोली मिळाली, ग्रंथालय मिळाले, आपल्यासारख्यांची संघटना मिळाली. इतिहासकार जॉन डिएमिलिओ यांनी १९८३ सालच्या आपल्या निबंधात दाखवून दिले की मजुरीवर स्वतंत्रपणे जगणे शक्य झाल्यावरच कुटुंबाच्या उत्पादनव्यवस्थेबाहेर अशा जीवनाला जागा निर्माण झाली. भावना पुरातन असेल. ती उघडपणे जगण्याची परिस्थिती मात्र इतिहासाने घडवलेली आहे.

आता अंदाजपत्रकाकडे वळतो. चार्ल्सटन येथील सार्वजनिक महाविद्यालयाने नव्या विद्यार्थ्यांच्या वाचनासाठी बेक्डेल यांचे हेच पुस्तक निवडले. तेव्हा, २०१४ साली, साउथ कॅरोलायना राज्याच्या प्रतिनिधिगृहाने त्या महाविद्यालयाच्या अनुदानातून ५२,००० डॉलर कापण्यास मान्यता दिली. हा त्या वाचन-उपक्रमाच्याच खर्चाचा आकडा होता. दुसऱ्या एका सार्वजनिक शिक्षणसंस्थेवरही अशाच पुस्तकासाठी १७,१४२ डॉलरची कात्री चालली. त्याच एप्रिलमध्ये नाटकाचे कलावंत चार्ल्सटनला गेले आणि त्यांनी तेथे आपली गाणी सादर केली. शेवटी रक्कम परत मिळाली, पण ती राज्यघटना व राष्ट्रस्थापनेचे दस्तऐवज शिकवण्यासाठीच खर्च करावी, ही अट घालून! सत्ताधाऱ्यांनी पुस्तकावर बंदी घातली नाही. त्यांनी तिजोरीची किल्ली फिरवली. ही युक्ती आपल्या विद्यापीठांना अपरिचित आहे काय?

मराठी रंगभूमीने हा विषय याआधीच हाताळला होता. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगमंचावर आले. त्यातील सुमित्रा महाविद्यालयाच्या नाटकात पुरुषाची भूमिका करते आणि सहकलाकार मुलीच्या प्रेमात पडते. पण तिच्यामागे ना संघटना, ना आसरा. उरते ती बदनामी, आणि शेवटी आत्मनाश. ॲलिसन जगते आणि आपली कहाणी स्वतः सांगते. मित्राची कहाणी दुसऱ्याला सांगावी लागते.

मित्रहो, येथे आत्मटीकाही आवश्यक आहे. १९२२ च्या सोव्हिएत रशियाच्या दंडसंहितेत समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हता. १९३४ साली तो पुन्हा गुन्हा ठरवण्यात आला. त्यानंतर जगभरच्या आपल्या चळवळीत 'हा भांडवलदारी अधःपात' असे म्हणून या माणसांना दाराबाहेर ठेवण्याची रीत पडली. वास्तविक आपल्याकडील कलम ३७७ हे १८६० साली ब्रिटिश साम्राज्यशाहीने लादलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीने होणारे संबंध त्यातून मुक्त केले. न्यायालयाने बेडी काढली; पण वसतिगृहातली कुचेष्टा, घरी बोलावून उरकलेले लग्न आणि अर्ध्यावर सुटलेले शिक्षण हे निकालपत्राने थांबत नाही.

म्हणून वसतिगृह बंद पडते तेव्हा गरीब विद्यार्थ्याची केवळ खाट जात नाही. स्वतःला ओळखण्याची जागाही जाते. श्रीमंताचा मुलगा शहरात खोली भाड्याने घेईल. शेतमजुराची मुलगी गावी परतेल, आणि तेथे तिच्यासाठी स्थळ पाहून ठेवलेले असेल.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ च्या दुरुस्तीने लैंगिक कलावरून होणाऱ्या छळाचा स्पष्ट समावेश झाला आहे. प्रत्येक शाखेने हा नियम आपल्या वसतिगृहाच्या सूचनाफलकावर लावून घ्यावा, आणि फीवाढविरोधी मोर्चात या विद्यार्थ्यांना पाहुणे म्हणून नव्हे, तर आपले सहकारी म्हणून बरोबर घ्यावे. ॲलिसन ज्या दारापाशी बिचकली, तसे एखादे दार आपल्याही कचेरीला आहे. ते आतून उघडण्याचे काम आपले आहे.