ज्वालामुखीचीं तळीं आणि त्यांची साक्ष

तळ्याला पाणी कोठून येतें, असें विचारलें तर बहुतेक जण एखाद्या ओढ्याकडे किंवा नदीकडे बोट दाखवतील. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य भागांत, क्वीन्सलँड राज्यांतील ॲथर्टन पठारावर असलेल्या ईचम तळ्याला हें उत्तर लागू पडत नाहीं. त्याला एकहि ओढा येऊन मिळत नाहीं व त्यांतून एकहि बाहेर पडत नाहीं. पावसानें तें भरतें. झिरपून आणि वाफ होऊन ओसरतें. त्याची खोली सुमारे ६५ मीटर असून सभोंवारचें दाट सदाहरित अरण्य थेट पाण्याच्या कांठापर्यंत उतरलेलें आहे.

लोणारचें सरोवर पाहिलेल्या माणसाला हा खोलगट घाट ओळखीचा वाटेल. परंतु लोणारचा खळगा आकाशांतून पडलेल्या अशनीनें केला, तर ईचमचा भूगर्भांतील अग्नीनें. वर चढणाऱ्या तप्त शिलारसाची जमिनींतील पाण्याशीं गांठ पडली, त्या पाण्याची क्षणार्धांत वाफ झाली आणि तिच्या स्फोटानें वरची जमीन उडून गेली. मागें राहिलेल्या खळग्यांत कालांतरानें पाऊस सांचला. जवळचें बॅरीन तळें आणि उत्तरेकडील युरामू तळें हींहि याच जातीचीं. ईचम व बॅरीन यांचा परिसर १९३४ सालीं राष्ट्रीय उद्यान म्हणून राखण्यांत आला. १९८८ सालीं या प्रदेशांतील वर्षावनांना जागतिक वारशाचें स्थान मिळालें, आणि १९९४ मध्यें दोन्ही उद्यानें मिळून एक झालीं.

केर्न्स शहराहून घाट चढून आलेला प्रवासी ईचमभोंवतीं सुमारे तीन किलोमीटरांची प्रदक्षिणा पायीं घालूं शकतो. त्या वाटेवर ऊन फारसें पोहोंचत नाहीं. या अरण्यांत वडाच्या कुळांतील वृक्ष दुसऱ्या झाडाच्या फांदीवर रुजतात, मुळांचें जाळें खालीं सोडतात आणि अखेर आधार देणाऱ्यालाच गिळून टाकतात. पाचोळ्यांत फळें शोधणारा उंदरासारखा प्राणी दिसला, तर तो कांगारूच्या गोतांतील सर्वांत लहान, आणि भर दिवसा हिंडणारा. बॅरीनच्या कांठीं कौरी जातीचे दोन जुळे महावृक्ष आहेत. त्यांचे शेंडे पाहावयाचे तर मान पुरती मागें टाकावी लागते. हें सर्व पाहून कोणालाहि वाटावें कीं, येथें अनादि कालापासून असेंच अरण्य असलें पाहिजे.

येथील मूळ रहिवाशांची कथा मात्र तसें म्हणत नाहीं. जिरबल भाषा बोलणाऱ्या लोकांत ती पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली आहे. नुकताच दीक्षाविधि झालेल्या दोन तरुणांनीं एक निषिद्ध कर्म केलें आणि इंद्रधनुष्यरूपी महासर्प कोपला. वस्तीखालची जमीन मेघासारखी गर्जूं लागली, तुफान वारा सुटला, आणि तांबड्या झालेल्या आकाशांत पूर्वीं कोणीं न पाहिलेल्या रंगाचा ढग उठला. माणसें सैरावैरा धांवलीं; पण भूमि दुभंगली आणि तिनें त्यांना पोटांत घेतलें. त्या जागीं हीं तळीं झालीं. भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांना ही कथा सांगणारानें आणखी एक गोष्ट सांगितली: त्या वेळीं येथें दाट अरण्य नव्हतें, विरळ झाडांचें मोकळें रान होतें.

हें वाक्य कल्पनेचा खेळ म्हणून सोडून देतां आलें असतें. पण तळ्याच्या गाळानेंच त्याला दुजोरा दिला. शांत तळ्याच्या बुडाशीं परागकणांचे थरावर थर बसत जातात, आणि परागाच्या आकारावरून झाडाची जात ओळखतां येते. ए. पी. कर्शॉ यांनीं युरामूच्या गाळाचा असा अभ्यास १९७० सालीं प्रसिद्ध केला. त्यावरून या परिसरांतील सध्यांचें वर्षावन अवघें सुमारे ७,६०० वर्षांचें ठरलें; त्याआधींच्या कोरड्या काळांत येथें मोकळीं रानें होतीं. तळीं निर्माण करणारे स्फोट तर त्याहूनहि जुने. डिक्सन यांनीं १९७२ सालच्या आपल्या ग्रंथांत या दोन साक्षी शेजारीं शेजारीं मांडल्या. ज्यांच्यापाशीं लिपी नव्हती, त्यांनीं एवढ्या दीर्घ काळापूर्वींचें रान केवळ मुखानें जपून ठेवलें होतें.

तळ्याच्या या बखरींतील एक पान मात्र अलीकडेच फाटलें. ईचमच्या पाण्यांत इंद्रधनुषी माशाची एक जात राहत असे. शास्त्रज्ञांनीं १९८२ सालीं तिला स्वतंत्र नांव दिलें, आणि १९८७ च्या पाहणींत त्या तळ्यांत तिचा एकहि मासा आढळला नाहीं. माणसांनीं इतर ठिकाणचे मासे आणून तळ्यांत सोडले होते. त्यांनीं या लहानशा जातीचा फडशा पाडला. सोडणारांच्या मनांत बहुधा कोणताहि दुष्ट हेतु नसेल. पण ज्या तळ्यांत शिरावयाला वाट नाहीं, त्यांतून निसटावयालाहि वाट नसते. हौशी लोकांच्या कांचेच्या टांक्यांत कांहीं मासे उरले होते, आणि पुढें आसपासच्या ओढ्यांतहि ही जात सांपडली, म्हणून ती जगली. ईचममध्यें तिला पुन्हां वसविण्याचा प्रयत्न मात्र निष्फळ ठरला.

हजारों वर्षांपूर्वींचें रान माणसांच्या स्मरणांत टिकलें आणि डोळ्यांदेखतचा मासा कांहीं वर्षांत नाहींसा झाला, हें दोन्ही त्याच पठारावर घडलें. ईचमचें पाणी आजहि निळें व स्वच्छ आहे. प्रवासी त्यांत आनंदानें पोहतात. त्या पाण्यांत काय उणें झालें आहे, तें वरून दिसत नाहीं. तें कोणी तरी सांगावें लागतें, आणि येणारानें ऐकून घ्यावें लागतें.