स्वस्ताईचा देश आणि संसाराचा हिशेब

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त अभनपूर येथे माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



साठ वर्षांपूर्वी शाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी फार लांब गेला, तर भिलाई, नागपूर किंवा मुंबई गाठत असे. आज त्याच्या नातवंडांच्या बोलण्यात लिस्बन, पोर्तो, बार्सिलोना ही नावे सहज येतात. पोर्तुगालविषयी तर हमखास तीन गोष्टी सांगितल्या जातात : तेथे ऊन भरपूर आहे, माणसे शांत आहेत आणि युरोपच्या मानाने राहणे स्वस्त आहे. पहिल्या दोहोंविषयी वाद नाही. तिसरी गोष्ट कोणासाठी खरी आणि कोणासाठी खोटी, हे पाहिल्यावाचून संसार तिकडे हलवणे मात्र धोक्याचे आहे. आजचा विषय एवढाच.

परदेशातील खर्चाचा विचार बहुतेक घरांत त्रैराशिकाने होतो. सोयीसाठी एक युरो शंभर रुपयांचा धरला, की एका युरोची कॉफी शंभर रुपयांची होते आणि ऐकणारा दचकतो. ८७० युरोंचा पगार सत्त्याऐंशी हजारांचा होतो आणि तोच माणूस हुरळून जातो. गणित दोन्ही वेळा बरोबर असते, पण उपयोगाचे नसते. कमाई कोठली आणि खर्च कोठला, हे त्यात धरलेलेच नसते. महागाई ही केवळ वस्तूच्या अंगी असलेली गोष्ट नव्हे. ती वस्तूची किंमत आणि घेणाऱ्याची मिळकत यांच्यातील अंतराचे नाव आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर गोव्यातील माणसांनी फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. १५१० मध्ये सुरू झालेली पोर्तुगीज सत्ता गोव्यातून १९ डिसेंबर १९६१ रोजी संपली. तथापि त्या दिवसापूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि ठरावीक अटींवर त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज कायदा नागरिकत्वाचा हक्क देतो. जन्माची नोंद पोर्तुगालच्या दप्तरात करून हजारो गोवेकरांनी तो घेतला. त्याची किंमतही मोजली. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. परकीय नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. ज्यांना पुढे ओसीआय कार्ड मिळाले, त्यांनाही मतदानाचा हक्क नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

एवढे मोल देऊन ही माणसे कोठे गेली? त्यांतील फार मोठा वाटा लिस्बनला राहिलाच नाही. पोर्तुगालच्या पारपत्रावर युरोपीय संघात कोठेही काम करता येत असल्याने त्यांनी इंग्लंड गाठले. स्विंडन या शहरात गोवेकरांची मोठी वसाहत उभी राहिली. भाषेची सोय हे एक कारण होते, परंतु दुसरे कारण मजुरीचे होते. ज्यांना पोर्तुगालमध्ये राहण्याचा पुरता हक्क होता, त्यांनीच ‘स्वस्त’ देश सोडून ‘महाग’ देश निवडला, कारण त्यांना तेथे राबून कमवायचे होते. ब्रेक्झिटनंतर ३१ डिसेंबर २०२० रोजी ती मुक्त वाट बंद झाली. पण त्या माणसांचा हिशेब आजही खरा आहे : बाहेरून पैसा आणणाऱ्याला जो देश स्वस्त, तोच तेथे मजुरी करणाऱ्याला महाग असू शकतो.

आता हाच हिशेब आकड्यांत पाहू. ज्यांना निवृत्तिवेतन, भाडे, व्याज अशी न राबता येणारी मिळकत आहे, त्यांच्यासाठी पोर्तुगालमध्ये ‘डी सात’ नावाचा व्हिसा आहे. त्याची अट तेथील किमान वेतनाशी बांधलेली आहे. २०२५ साली हे वेतन दरमहा ८७० युरो होते. एकट्या माणसाने तेवढी मिळकत दाखवायची. जोडीदारासाठी त्यात निम्म्याची, म्हणजे ४३५ युरोंची, आणि प्रत्येक अपत्यासाठी तीस टक्क्यांची, म्हणजे २६१ युरोंची भर घालायची. नवरा, बायको आणि दोन मुले अशा कुटुंबाची बेरीज होते १,८२७ युरो. परदेशी कंपनीचे काम घरबसल्या करणाऱ्यांसाठी २०२२ मध्ये वेगळा व्हिसा निघाला. त्याला किमान वेतनाच्या चौपट, म्हणजे २०२५ च्या दराने ३,४८० युरोंची मिळकत लागते.

याच्या शेजारी तेथेच राबणारे कुटुंब ठेवावे. नवरा-बायको दोघेही किमान वेतनावर आहेत असे धरू. पोर्तुगालमध्ये वर्षाला चौदा पगार देण्याची रीत आहे. ते बारा महिन्यांत वाटले, तर एकाचे महिन्याला १,०१५ युरो होतात. दोघांच्या २,०३० युरोंतून सामाजिक सुरक्षेचे अकरा टक्के वजा केले, की हातात उरतात सुमारे १,८०६ युरो. सरकार बाहेरून येणाऱ्या चौघांच्या कुटुंबाकडून निदान जेवढी मिळकत मागते, तेवढी रक्कमही दोन पूर्णवेळ मजुऱ्यांतून उभी राहत नाही. ‘तेथे राहायला किती लागते’ या प्रश्नापेक्षा ‘तेथे किती मिळते’ हा प्रश्न आधी विचारायला हवा, तो यासाठी.

खर्चाच्या बाजूला सर्वांत जड कलम घरभाड्याचे. लिस्बनमध्ये एका शयनगृहाचे घर आज नव्याने घ्यायचे, तर किमान वेतन बहुधा भाड्यातच संपते. शिवाय करार करताना अनामत, आगाऊ भाडे आणि पुष्कळदा तेथीलच जामीनदार लागतो. नव्याने आलेल्या परक्याला जामीन कोण राहणार? मग त्याच्याकडून अनेक महिन्यांचे भाडे एकरकमी मागितले जाते. करक्रमांक काढल्यावाचून करार होत नाही, बँकेत खाते उघडत नाही. पहिल्या तीन महिन्यांचा खर्च नंतरच्या तीन महिन्यांच्या कितीतरी पट असतो, हे कोणत्याही जाहिरातीत लिहिलेले नसते.

दुसरे कलम ऐकून आश्चर्य वाटेल : थंडी. उन्हाचा देश म्हणून प्रसिद्ध असलेल्या पोर्तुगालमध्ये जुन्या घरांच्या भिंती ऊब धरत नाहीत आणि घर तापवण्याची मध्यवर्ती व्यवस्था क्वचितच असते. युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या २०२३ च्या आकडेवारीत, घर पुरेसे उबदार ठेवणे परवडत नाही असे सांगणाऱ्यांचे प्रमाण स्पेन आणि पोर्तुगाल या दोन उन्हाळ देशांतच सर्वाधिक, २०.८ टक्के होते. वैशाखात अंगणात खाट टाकून झोपणाऱ्या छत्तीसगढच्या माणसाला घराच्या आतली ओली थंडी आणि तिचे विजेचे बिल दोन्ही नवीन असतात.

काही कलमे खरोखरच हलकी आहेत, तीही प्रामाणिकपणे जमेस धरली पाहिजेत. लिस्बन धरून त्या परिसरातील अठरा नगरपालिकांत बस, मेट्रो, रेल्वे आणि होडी यांसाठी २०१९ पासून महिन्याचा एकच पास आहे, चाळीस युरोंचा. सरकारी शाळेला फी नाही. १९७९ साली उभी राहिलेली सार्वजनिक आरोग्यसेवा अधिकृत रहिवाशालाही मिळते, मात्र वाट पाहण्याची तयारी लागते. भात तेथील ताटातही रोजचा आहे; भाजी, मासे, पाव बाजारात परवडतात. महाग पडते ते मन तृप्त करणारे : तुरीची डाळ, पोहे, गोडा मसाला. भारत आणि पोर्तुगाल यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू आहे; नोकरीसाठी जाणाऱ्याने तो समजून घेतला, तर भरलेली वर्गणी वाया जात नाही.

मग घरे एवढी महागली कशाने? येथे विषय एका कुटुंबाच्या वहीतून बाहेर पडतो. २००९ पासून पोर्तुगालने बाहेरून येणाऱ्यांना दहा वर्षांची करसवलत देऊ केली. २०१२ पासून घरात मोठी रक्कम गुंतवणाऱ्याला राहण्याचा परवाना दिला. देश आर्थिक संकटात होता, त्याला पैसा हवा होता. त्यात पर्यटकांना घरे देण्याचा धंदा वाढला आणि नवी घरे पुरेशी बांधली गेली नाहीत. उत्तरेकडच्या देशांतील निवृत्तिवेतनधारकाला लिस्बनचे भाडे स्वस्त वाटले, म्हणून त्याने ते आनंदाने दिले; शेजारच्या शिक्षिकेला ते परवडेना, म्हणून ती शहराबाहेर गेली. २०२३ मध्ये हजारो पोर्तुगीज नागरिक घरांसाठी रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी घर घेऊन परवाना मिळवण्याची वाट बंद झाली आणि २०२४ पासून जुनी करसवलत नव्यांना मिळेनाशी झाली. पाहुण्याची स्वस्ताई यजमानाची महागाई झाली होती.

त्याच देशात परक्यांचा एक दुसरा वर्गही आहे. दक्षिणेकडील ओदेमिरा भागात प्लॅस्टिकच्या छपरांखाली फळबागा पिकतात. तेथे राबणाऱ्यांत भारतीय आणि नेपाळी मजूर पुष्कळ. २०२१ च्या करोनाकाळात एकेका घरात किती माणसे दाटीने राहतात, हे तेथील सरकारला अधिकृतपणे मान्य करावे लागले. निवृत्त धनिक आणि खोलीत दहाजणांनी झोपणारा मजूर, दोघेही ‘परदेशातून येऊन स्थायिक झालेले’. दलालाच्या माहितीपत्रकात मात्र पहिल्याचे छायाचित्र असते.

अभनपूरच्या श्रोत्यांना हे सारे दूरचे वाटू नये. शेजारीच नवा रायपूर उभा राहिला आहे. २०१२ साली मंत्रालय तेथे गेले. अभनपूर आणि आरंग तहसिलींतील गावांच्या शेतांवर रस्ते, सरकारी इमारती आणि वसाहती आल्या. शंभर वर्षांहून जुनी छोटी लाईन गेली आणि ३० मार्च २०२५ रोजी रुंद रुळांवरून रायपूर–अभनपूर गाडी सुरू झाली. सोयी वाढल्या, हे खरेच. पण राजधानी दाराशी आली की जमिनीचा भाव धानाच्या पिकावरून ठरत नाही. बाहेरून येणाऱ्याच्या ऐपतीवरून ठरतो. विकणाऱ्याला पैसा एकदाच मिळतो, आणि त्याच्या मुलाला उद्या तेथेच घर बांधायचे झाले, तर भाव नवा मोजावा लागतो. लिस्बनच्या शिक्षिकेची आणि येथील शेतकऱ्याच्या मुलाची अडचण एकाच जातीची आहे. ज्या पालकांची मुले उद्या कोठेतरी परकी म्हणून जातील, त्यांना ही दुसरी बाजू स्वतःच्या गावात पाहता येते.

आणि छत्तीसगढातील मराठी माणूस तरी मुळात कोण? तोही येऊन स्थायिक झालेलाच. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करपंतांबरोबर रतनपूरला आली. १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी तेथून कारभार केला. त्यानंतर नोकरी, रेल्वे, शिक्षण यांच्या निमित्ताने कुटुंबे येत राहिली. त्यांपैकी या भूमीला जे आपले वाटले, त्यांनी येथून केवळ उचलले नाही. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले. ज्या प्रदेशाने घर दिले, त्याच्या भाषेत काम करून त्यांनी ते ऋण फेडले. पोर्तुगालमध्ये राहून नागरिकत्व मागणाऱ्यालाही पोर्तुगीज भाषेचे प्राथमिक पातळीचे ज्ञान असल्याचे दाखवावे लागते. तिच्या शिकवणीचा खर्च थोडा आणि वेळ फार. पण भाडेकरार वाचणे, डॉक्टरांना दुखणे सांगणे, मुलाच्या शिक्षिकेशी बोलणे हे सारे त्यावर अवलंबून असते. भाषा न शिकलेल्या परक्याला प्रत्येक वस्तू थोडी अधिक महाग पडते.

म्हणून मुलगा किंवा मुलगी असा बेत घेऊन आली, तर पालकांनी नकार देण्याआधी आणि कर्ज काढण्याआधीही चार प्रश्न वहीत लिहावेत. मिळकत तेथे होणार की येथून जाणार? पहिल्या सहा महिन्यांचे भाडे आणि अनामत हातात आहे काय? राहण्याचा परवाना कोणत्या नियमाखाली, आणि तो नियम मध्येच बदलला तर परतीचे तिकीट कोण काढणार? आणि चौथा, जो सहसा कोणी विचारत नाही : मागे राहिलेल्या आईवडिलांच्या दुखण्याखुपण्याचा, बंद घराच्या देखभालीचा आणि रात्री-अपरात्री यावे लागले तर त्या प्रवासाचा खर्च कोणत्या कलमाखाली लिहिला आहे? चौथ्या प्रश्नापुढे बहुतेक वह्या कोऱ्या असतात. तो खर्च मग कोणीतरी न लिहिता सोसतो. बहुधा एखादी बहीण, एखादा शेजारी किंवा स्वतः आई.

घर पाहावे बांधून, असे म्हणतात. परदेशी घर बांधू नये असा त्याचा अर्थ नव्हे. बांधल्यावरच खर्च कळतो, एवढाच त्याचा अर्थ. तो जितका आधी कळेल, तितके बरे. या शाळेने मुलांना पाढे आणि जमाखर्च मातृभाषेतून शिकवले. दूरदेशी निघालेल्या विद्यार्थ्याने आपला पहिला ताळेबंद त्याच भाषेत, घरच्यांच्या समोर बसून मांडावा. ज्या भाषेत खोटे आकडे सांगताना संकोच वाटतो, त्या भाषेतला हिशेब सहसा चुकत नाही.

शाळेला शतकमहोत्सवासाठी आणि देशात वा परदेशात नव्याने संसार थाटणाऱ्या तिच्या सर्व विद्यार्थ्यांना मनःपूर्वक शुभेच्छा.